गिऱ्हाइकांची वही

माझी फुफू, म्हणजे आत्या, पिरंगुटहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्याला एका वाडीत राहते. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि शेजारी मसाला कुटायचा डंका. फुफा होते तेव्हा गिरणी त्यांची आणि डंका तिचा, अशी वाटणी होती. ते गेल्यावर दोन्ही तिचे झाले. आता वय अडुसष्ट आणि गुडघे कामातून गेलेले. दोन्ही मुले पुण्यात नोकरीला. गेल्या वर्षी रमजान संपला आणि तिने जाहीर केले, ‘‘बस झालं. गिरणी विकायची.’’

गिऱ्हाईकही घरबसल्या आले. भुकूमकडचा एक तरुण, त्याचे तिथे किराणा दुकान आहे. लहानपणी आईबरोबर मिरच्यांची पिशवी घेऊन फुफूकडे यायचा, अजून तिला चाचीच म्हणतो. तो म्हणाला, ‘‘चाची, दोन्ही मशीनचे पंचावन्न हजार देतो. पण वहीपण पाहिजे. आणि तुम्ही परत डंका सुरू करणार नाही असं लिहून द्या.’’

फुफू म्हणाली, ‘‘लोखंडाचे पंचावन्न ठीक आहेत. मग वहीचे किती?’’

या प्रश्नावर व्यवहार अडला आणि कागद लिहायचे काम माझ्यावर आले. मी इतिहासाची पुस्तके वाचतो, म्हणजे मला खरेदीखतही लिहिता येत असणार, असा घरच्यांचा समज आहे.

वहीबद्दल थोडे सांगतो, कारण सगळे त्या वहीतच आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, तेल आणि हळद पिऊन जाड झालेली. एकेका घराचे एकेक पान. कुणाला ब्याडगी निम्मी आणि संकेश्वरी निम्मी, कुणाला लवंग कमी, कुणाला दगडफूल अजिबात नको, कुणाच्या सासूला कांदा काळा होईपर्यंत भाजलेला लागतो. लवळे, भूगाव, उरवडे, कासार आंबोली, घोटवडे अशा गावांतल्या बायका मार्च ते मे येतात. त्या मिरची आणतात, बाकीचे फुफूला ठाऊक असते. विकायचे होते ते हेच ठाऊक असणे. गिरणी कुठेही मिळते.

घरात चालणारा धंदा विकायचा म्हणजे नक्की काय विकायचे? हा प्रश्न याच खोऱ्यात फार पूर्वी सुटलेला होता. आपण तो विसरलो.

पौड हे आज मुळशी तालुक्याचे ठाणे. शिवकाळात हे पौड खोरे, ढमाले देशमुखांचे. शेजारचे मुठे खोरे मारण्यांचे, त्याच्या पलीकडचे मोसे खोरे पासलकरांचे. देशमुखी हे वतन, पाटीलकी आणि कुलकर्णही वतन, हे शाळेत शिकवतात. सुतार, लोहार, न्हावी, परीट, कुंभार, चांभार यांची कामेही वतनेच होती, हे मात्र शाळेत निसटते. ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात बारा बलुतेदारांची यादी दिली आहे. तिच्यात बारावा आहे मुलाणी. मशीद आणि पीरस्थान सांभाळायचे, मुसलमानांचे निकाह लावायचे आणि मराठ्यांच्या घरचे बकरे कापायचे, ही त्याची कामे. आमचे घर मुलाण्याचे. आजोबा खळ्यावरून भात आणायचे ते सुपाच्या मापाने, आणि त्याला कुणी दान म्हणत नसे. तो हक्क होता.

हा हक्क विकता येत असे. पाटीलकीची निम्मी-निम्मी खरेदीखते ज्यांनी पाहिली आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. दुष्काळ पडला, सारा थकला, दिवाणाचा तगादा आला, पोराबाळांना खायला नाही, अशी कारणे देऊन वतनदार आपल्या वतनाचा निम्मा हिस्सा दुसऱ्याला विकत. मग खतात काय विकले त्याची मोजदाद येते. वाडा आणि शेत तर येतेच, पण त्याहून जास्त जागा दुसऱ्याच गोष्टी खातात. तेल्याकडून मिळणारे तेल, चांभाराकडून वर्षाचा जोडा, तांबोळ्याकडून पान. टिळा-विडा आधी कुणाला, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, होळीला कुणाची पोळी पहिली. कागदावर निशाणी म्हणून नांगर काढायचा तो थोरल्याचा वर आणि धाकट्याचा खाली. निम्मे वतन विकले की मानही निम्मा होई, आणि तो कसा निम्मा करायचा हे आधीच लिहून ठेवावे लागे. नाहीतर पुढच्या पोळ्याला डोकी फुटत. लिहूनही फुटतच, ती गोष्ट वेगळी.

बलुतेदारांचेही असेच. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने अठराव्या शतकातल्या मराठी गावावर लिहिताना मुद्दा मांडला, की बलुतेदार हा एकेका घराचा चाकर नव्हता, तो सगळ्या गावाचा होता, आणि त्याचे काम हे वारशाने चालणारे, वाटणी होणारे, दुसऱ्याला देता येणारे वतन होते. आपल्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ काढू. सुताराने वतन विकले तर तो किंकरे-वाकस विकत नव्हता. ती विकत घ्यायला वतन कशाला हवे? तो विकत होता ते गाव. म्हणजे या गावाचा नांगर मोडला तर तो माझ्याच दारात येईल आणि सुगीला माझे सूप भरले जाईल, ही खात्री.

ज्याच्याकडे वतन नाही तो उपरी. गावाला न्हावी नाही म्हणून बाहेरचा बोलावला, तो राहिला, त्याने हजामती केल्या, मिळाले ते घेतले आणि एक दिवस निघून गेला. जाताना त्याच्याकडे विकायला काही नव्हते. काम मिरासदार आणि उपरी दोघे तेच करत, कौशल्यही तेवढेच. फरक एवढाच, की एकाच्या गिऱ्हाइकांना गोताने आणि दिवाणाने साक्ष दिलेली आणि दुसऱ्याच्या नाही. मला वाटते आज घराघरांत पापड, लोणची, शिवण, शिकवण्या, पाळणाघरे चालवणाऱ्या बहुतेक बाया उपरी आहेत. वीस-वीस वर्षे धंदा करतात आणि थांबतात तेव्हा हातात शिलाई मशीन उरते.

वतनाच्या व्यवस्थेचे मी गोडवे गात नाही, हे इथेच सांगतो. मुलाण्याच्या पोराने मुलाणीच व्हायचे, महाराच्या पोराने मेलेले ढोर ओढायचे, आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही, अशी ती व्यवस्था होती. ती गेली ते बरे झाले. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने सरकारी कामाची वतने सरकारच्या परवानगीशिवाय बाहेरच्याला विकायला बंदी घातली. कारागिरांची बलुती गावाच्या मर्जीवर राहिली आणि रोख पैशाच्या वाऱ्यात विरत गेली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतनेही संपली. माझी तक्रार एवढीच, की वतनाबरोबर आपण गिऱ्हाइकाची किंमत करण्याची रीतही फेकून दिली.

त्याचा पहिला मोठा फटका या तालुक्यालाच बसला.

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे, पाणी बोगद्याने सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरवायचे आणि तिथली वीज मुंबईला न्यायची, अशी योजना. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहर पिकवणारी खाचरे होती ती. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाचे काम बंद पाडायला सुरुवात केली. पुढे पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे या लढ्याची ओळख बनले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथलीच. १९२४ अखेर त्यांनी रेल्वे अडवली, सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि त्याला जगातले पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले.

या लढ्याची एक बाजू आपल्या विषयाची आहे. मुळशी पेट्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांच्यासाठी प्रश्न दराचा होता. भाव चांगला मिळाला तर जमीन विकायला त्यांची हरकत नव्हती. कसणाऱ्याला मुळात विकायचेच नव्हते, आणि भाव मिळाला तरी तो बहुतेक सावकाराच्या खात्यात जाणार होता.

आता यात कुंभार, लोहार, मुलाणी कुठे बसतो? १८९४ चा भूसंपादन कायदा काढून वाचा, २३ वे कलम. भरपाई ठरवताना जमिनीचा बाजारभाव धरावा. उभी पिके आणि झाडे धरावीत. जमीन तुटल्याने उरलेल्या भागाचे नुकसान धरावे. दुसऱ्या मालमत्तेला किंवा कमाईला बसणारी झळ धरावी. राहायची किंवा धंद्याची जागा बदलावी लागली तर त्याचा वाजवी खर्च द्यावा. वर सक्तीची खरेदी म्हणून बाजारभावावर १५ टक्के. कागदावर हे वाईट नाही. ‘कमाई’ हा शब्द आहे, ‘धंद्याची जागा’ हाही आहे.

पण कायद्याच्या डोळ्यांपुढे आहे तो जमिनीत हितसंबंध असलेला माणूस. त्याचे दुकान इथून तिथे हलेल, गाडीभाडे होईल, ते द्या. बलुतेदाराचे दुकान हलवण्यासारखे नव्हतेच. त्याचे दुकान म्हणजे गाव. कुंभाराला चाक उचलून दुसऱ्या तालुक्यात नेता येईल, पण तिथे आधीच एक कुंभार आहे, आणि त्याची गाडगी घेणारी चाळीस घरे चाळीस दिशांना गेली आहेत. एरवी दुकान बुडते तेव्हा गिऱ्हाईक शिल्लक असते. इथे गिऱ्हाईकच बुडाले. त्याला बाजारभाव कुठून लावणार? आणि पुढचेच, २४ वे कलम सांगते, की भरपाई ठरवताना माणसाची जमीन सोडायची नाखुशी मोजायची नाही.

कारागिराची दखल घ्यायला कायद्याला २०१३ साल उजाडले. त्या वर्षीच्या भूसंपादन कायद्यात तीन वर्षे त्या भागात उपजीविका करणारा कारागीर हाही बाधित धरला, त्याच्याकडे जमीन नसली तरी. कारागीर, छोटा व्यापारी, स्वतःचा धंदा असणारा, यांना एकदाच द्यायचे किमान अनुदान ठरले २५ हजार रुपये. मुळशीनंतर ब्याण्णव वर्षांनी. डंक्याची मोटरसुद्धा नीटशी येत नाही त्यात.

शहरातल्या व्यापाराने मात्र या गोष्टीला कधीच नाव देऊन ठेवले होते. इंग्रजीतल्या ‘गुडविल’ला आपल्या कागदांत ‘नावलौकिक’ म्हणतात. १८१० मध्ये लॉर्ड एल्डन या इंग्लंडच्या न्यायाधीशाने एका निकालात सांगितले, की नावलौकिक म्हणजे जुनी गिऱ्हाइके जुन्या जागी येत राहतील ही शक्यता, दुसरे काही नाही. सुताराच्या वतनाची याहून चांगली व्याख्या मला तरी करता येणार नाही. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम आहे. कुणाला धंदा करायला मनाई करणारा करार रद्दबातल, असे ते सांगते. अपवाद एकच. नावलौकिक विकणाऱ्याने ठराविक हद्दीत तसाच धंदा न करण्याचे कबूल केले, तर ते चालते. ती हद्द कोर्टाला वाजवी वाटली पाहिजे.

म्हणजे भुकूमच्या पोराची अट कायद्याला धरून होती, पण तिच्यात एक गोम होती. मनाईचा करार नावलौकिक विकला तरच टिकतो. नुसती यंत्रे विकणाऱ्याला ‘परत धंदा करू नको’ म्हणता येत नाही. वहीचे पैसे द्यायचे नाहीत आणि मनाई मात्र लिहून घ्यायची, हे दोन्ही एकदम जमणार नव्हते. फुफूला हे सांगितले तेव्हा ती हसली. ‘‘मी तेच तर म्हणत होते.’’ ती चौथी शिकलेली आहे.

या नावलौकिकावरून सर्वोच्च न्यायालयाला घाम फोडणारा खटला १९८१ चा आहे, आणि तोही उदबत्तीचा. बंगळूरची एक उदबत्ती करणारी पेढी विसर्जित झाली आणि नवी झाली तेव्हा नावलौकिकाचीही किंमत धरली गेली. आयकर खात्याने भांडवली नफ्यावर कर मागितला. कोर्ट म्हणाले, नफा म्हणजे विकत घेतल्याची किंमत वजा करून उरते ते. पेढीचे नाव तर हळूहळू आपोआप वाढले, ते कुणी विकत घेतले नाही, ते कोणत्या दिवशी जन्माला आले हेही सांगता येत नाही. वजा काय करणार? म्हणून कर नाही. पुढे संसदेने कायदा बदलला आणि अशा नावलौकिकाची मूळ किंमत शून्य धरावी असे ठरवले. फुफूने चाळीस उन्हाळे मिरचीच्या ठसक्यात काढले, त्याचा खर्च सरकारदरबारी शून्य. असो.

घरगुती धंदा विकत घेतल्याची एक सुखाची गोष्टही आपल्याकडे आहे, आणि ती सगळ्यांच्या ओळखीची असून तिच्यातला विक्रीचा भाग कुणी सांगत नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि इतर सहा गुजराती बायका इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि पापड लाटले, चार पाकिटे भरली. तेच पुढे लिज्जत. छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले, हे सगळे सांगतात. पण त्या ८० रुपयांतून त्यांनी आधी लक्ष्मीदासभाई नावाच्या गृहस्थांचा तोट्यातला पापडाचा धंदा घेतला होता. म्हणजे लिज्जतची सुरुवात एका विक्रीनेच झाली. आणि घेतल्यावर त्यांनी काय केले? काम करणारी प्रत्येक बहीण मालक, असे ठरवून टाकले. त्यामुळे तो धंदा पुन्हा कुणा एकीला विकता येणार नाही, असा झाला. बुडीत धंदा विकत घ्यायचा आणि विक्रीची वाटच बंद करायची, यात मला मोठी हुशारी दिसते. फुफूला मात्र हे पटले नाही. ‘‘मला विकायचंय, बाबा. मला बहिणी नकोत, आराम पाहिजे.’’

मग कागद लिहायला बसलो. जुन्या खतांसारखी मोजदाद केली. गिरणी एक, डंका एक, वजनकाटा, चाळण्या तीन: पंचावन्न हजार. वही आणि नावलौकिक: फुफू साठ म्हणाली, पोरगा पंचवीस म्हणाला, चाळीसवर तुटले. मनाईची हद्द: भुकूम, भूगाव, लवळे, पिरंगुट आणि उरवडे. मुदत तीन वर्षे. थोरल्या-धाकट्या पाटीलकीसारखा एक हिस्सा फुफूने मागे ठेवला. ईदचा बिर्याणी मसाला आणि घरच्या लग्नाकार्याचे कांडप ती करणार, त्याला हरकत घ्यायची नाही. जुन्या इनामाच्या आणि वतनाच्या कागदांत शेवटी शपथ असते, करार मोडणाऱ्या हिंदूला गाईची आणि मुसलमानाला डुकराची. दोघांनाही आपापल्या जिव्हारी लागेल अशी निवडलेली. मी गमतीने म्हटले, तीही घालू का? फुफूने कानाला हात लावला. पोरगा म्हणाला, ‘‘चाची, आपल्यात कशाला शपथा?’’ वकिलांनी ‘गिऱ्हाईक’ हा शब्द चार ठिकाणी खोडला आणि तिथे ‘नावलौकिक’ लिहिले.

सही झाली, पैसे मोजून झाले आणि पोराने वही उघडली. एकाही पानावर नाव नव्हते. फुफूने नावे कधी लिहिलीच नाहीत. ‘नळाजवळची’, ‘मोठी टिकली’, ‘हायवेची सून’, ‘मुका नवरा’, ‘म्हशीवाली’, अशा खुणा. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी स्टॅम्पपेपरकडे बघत होतो.

शेवटी कागदाच्या मागच्या बाजूला एक ओळ वाढवली आणि दोघांनी पुन्हा सह्या केल्या. पहिला हंगाम, मार्च ते मे, फुफू रोज सकाळी दोन तास भुकूमला बसेल आणि माणसे ओळखून देईल. जाण्यायेण्याची रिक्षा घेणाऱ्याची.

यंदाच्या मार्चमध्ये मी तिला सोडायला गेलो होतो. खुर्ची दाराशी टाकलेली, पाय स्टुलावर. साडेनऊला एक बाई पिशवी घेऊन आल्या, फुफूला तिथे बघून थबकल्या, मग खुशाली विचारायला लागल्या. पोराने वही पुढे केली. फुफूने न बघता सांगितले, ‘‘म्हशीवाली. पान काढ. धने जास्त.’’

बाई म्हणाल्या, ‘‘अगं, म्हैस विकून पाच वर्षं झाली.’’

‘‘कितीला दिली?’’ फुफूने विचारले.